खवट झालेला कण आणि बंद केलेली गोळी

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे मिस्टर ५८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हा एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १६२ होतं, कोलेस्टेरॉलच्या गोळीने ७४ वर आलं. पण गोळीने पाय दुखतात म्हणून ते एक दिवसाआड घेऊ लागले, मग आठवड्यातून दोनदा. गेल्या महिन्यात पुतण्याने तपासण्यांचं पॅकेज करून आणलं. त्यात एलडीएल १३९ आलं आणि ‘ऑक्सिडाइज्ड एलडीएल’ नावाची नवीच तपासणी लाल अक्षरात जास्त आली. पुतण्या इंजिनिअर आहे, खूप वाचतो. तो म्हणतो, साधं कोलेस्टेरॉल निरुपद्रवी, शरीराला लागतंच. खरा गुन्हेगार ऑक्सिडाइज्ड प्रकार. मग गोळी कशाला, अँटिऑक्सिडंट घ्या. मिस्टरांना निमित्तच हवं होतं. चार आठवडे गोळी पूर्ण बंद आणि व्हिटॅमिन ई ४०० ची कॅप्सूल चालू. पुतण्याचं कुठे चुकतंय, की चुकतच नाही? सिगरेट ऑपरेशननंतर सुटली, तंबाखू मात्र सुटत नाही. आणि शेवटचं, घरची शेंगदाण्याची चटणी द्यायची की नाही?
एक वाचक भगिनी, सातारा

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी निरोप, कारणं मागाहून. ज्यांनी स्टेंट बसवला त्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि चार आठवडे कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, बंद आहे हे न लपवता सांगा. बहुतेक ते लगेच सुरू करायला सांगतील. तीच गोळी, तोच डोस, की बदल, हे त्यांना ठरवू दे. आणि तुमच्या पत्रात नाही म्हणून विचारतो: रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी तरी चालू आहे ना? पुष्कळ घरांत एक गोळी नकोशी झाली की तिच्याबरोबर सगळा डबाच कपाटात जातो. तेवढं आज डोळ्यांनी बघून घ्या.

आता पुतण्याकडे येऊ. त्याच्यावर रागावू नका. त्याने वाचलंय ते खोटं नाही. हृदयविकाराच्या संशोधनातली ती एक फार सुंदर गोष्ट आहे, फक्त त्याने ती मध्यंतरालाच सोडून दिली आणि घरी येऊन शेवट स्वतःच्या मनाचा सांगितला. म्हणून मी ती थोडी सविस्तर सांगतो. मिस्टरांना आणि पुतण्याला दोघांनाही वाचायला द्या.

कोलेस्टेरॉल तेलकट आणि रक्त पाणीदार, त्यामुळे ते रक्तात सुटं फिरू शकत नाही. यकृत ते कणांमध्ये बांधून पाठवतं. हे कण वाटेत चरबी उतरवत लहान होत जातात आणि शेवटी उरतो तो एलडीएल. आकार सुमारे २२ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर ४५ हजार कण ओळीने बसतील. आत कोलेस्टेरॉल, बाहेर स्निग्ध पदार्थांचं पातळ कवच, आणि त्या कवचाभोवती गुंडाळलेलं एकच लांबलचक प्रथिन. त्याचं नाव अपोबी. पाकिटावर पत्ता असावा तसं ते काम करतं. पेशीच्या दारावरचा रिसेप्टर हा पत्ता वाचतो आणि कण आत घेतो.

या कणात जी स्निग्धाम्लं असतात त्यांतलं एक मुख्य म्हणजे लिनोलिक आम्ल, तेच जे तुमच्या करडईच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलात भरपूर असतं. तेलाचा डबा उन्हात उघडा राहिला की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. खवट होतं. हवेतला ऑक्सिजन स्निग्धाम्लाच्या नाजूक जोडांवर बसतो, एक रेणू बिघडला की शेजारचा बिघडतो, आणि शेवटी उग्र वासाची अल्डिहाइडं तयार होतात. ‘ऑक्सिडाइज्ड एलडीएल’ म्हणजे नेमकं हेच. मी उपमा देत नाहीये, रसायन खरोखर तेच आहे. फरक इतकाच की डब्यात ती अल्डिहाइडं नाकाला कळतात. कणात मात्र ती अपोबीला जाऊन चिकटतात आणि पत्ता पुसून टाकतात.

पत्ता पुसलेल्या पाकिटाचं पुढे काय होतं, ही गोष्ट अमेरिकेत डॅलसला सुरू झाली. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या जोडीने १९७०च्या दशकात एलडीएलचा रिसेप्टर शोधला, १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. पण त्यांच्यापुढे एक कोडं होतं. काही मुलं जन्मतःच या रिसेप्टरशिवाय येतात. रक्तात एलडीएल प्रचंड, आणि हृदयविकार शाळकरी वयात. त्यांच्या धमन्या उघडून पाहिल्या तर पांढऱ्या पेशी कोलेस्टेरॉलने ठासून भरलेल्या. दारच नाही, मग माल आत गेला कुठून? त्यांनी प्रयोगशाळेत साधं एलडीएल मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींना देऊन पाहिलं, त्या जेमतेम खात. मग कणात थोडा रासायनिक बदल करून दिलं, तर पेशी तुटून पडल्या. १९७९च्या त्या शोधनिबंधावर चार नावं आहेत आणि त्यांत एक आपलं आहे: संदीप बसू. ते पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेचे संचालक झाले. पुतण्याला हे आवडेल.

भक्षक पेशीला एक वेगळंच दार असतं, कचरा उचलण्याचं. त्याला स्कॅव्हेंजर रिसेप्टर म्हणतात. मेलेल्या पेशी, जंतूंचे तुकडे, बिघडलेली प्रथिनं हे सगळं तिथून आत जातं. आणि सगळी मेख इथे आहे. साध्या पेशीचं एलडीएलचं दार शहाणं असतं. पोटात कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की पेशी दारं कमी करते, पंगतीत आपण पानावर आडवा हात धरतो तसं. स्कॅव्हेंजर रिसेप्टरला आडवा हात धरणं माहीत नाही. वाढपी वाढत राहतो, जेवणारा जेवत राहतो. पेशी फुगते, सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारखी दिसते. तिला फोम सेल म्हणतात.

पण डॅलसचा तो रासायनिक बदल प्रयोगशाळेतला होता, शरीर तसा करत नाही. शरीरातला बदल कोणता हे सॅन दिएगोच्या डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटाने दाखवलं. १९८१ साली त्यांना दिसलं की धमनीच्या अस्तराच्या पेशींबरोबर एलडीएल नुसतं ठेवलं तरी ते बदलतं आणि मग भक्षक पेशी ते अधाशासारखं गिळतात. १९८४ साली कळलं की तो बदल म्हणजे ऑक्सिडीकरण, आणि बशीत व्हिटॅमिन ई घातलं तर तो थांबतो. पुतण्याच्या कॅप्सूलचं मूळ या बशीत आहे. तिच्याकडे आपण परत येऊ.

मुळात पांढऱ्या पेशींना एका चरबीच्या कणाचं एवढं वावडं का? कारण खवट कणाच्या पृष्ठभागावर फॉस्फोकोलिन नावाचा जो भाग उघडा पडतो, तसाच भाग न्यूमोनियाच्या न्यूमोकोकस जंतूच्या अंगावर असतो. शरीराच्या पहारेकऱ्यांना दोघांत फरक करता येत नाही. आपल्या रक्तात जन्मापासून काही प्रतिपिंडं असतात, ती या दोघांनाही ओळखतात. २००३ साली उंदरांना न्यूमोकोकसची लस टोचून पाहिली, तर त्यांच्या धमन्यांतला थर कमी वाढला. (लगेच न्यूमोनियाची लस घ्यायला धावू नका, हे उंदरांचं आहे. ५८ व्या वर्षी हृदयरुग्णाने ती घ्यावी की नाही याची कारणं वेगळी आणि चांगली आहेत, तेही डॉक्टरांना विचारा.) सांगायचा मुद्दा असा की धमनीत जे चालतं ते पाइपात गाळ साठण्यासारखं नाही. ती एक चुकीच्या ओळखीतून पेटलेली लढाई आहे. शत्रू आलाच नाही, आणि सैन्य ठाण मांडून बसलंय.

सैन्याला बोलावतं कोण? धमनीचं अस्तर. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मिस्टरांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असेलच, आणि तिचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे.

न्यूयॉर्कचे रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. एक औषध घातलं की पट्टी आकसायची, ठरलेलं. १९७८ साली त्यांच्या मदतनीसाकडून प्रयोगाच्या क्रमात चूक झाली, आणि पट्टी आकसण्याऐवजी सैल पडलेली दिसली. शोध घेता कळलं की नेहमीच्या पद्धतीत हाताळताना पट्टीचं आतलं अस्तर खरवडलं जात होतं. या वेळी ते शाबूत राहिलं होतं. म्हणजे सैल पडण्याचा निरोप अस्तर देत होतं. १९८० साली हे प्रसिद्ध झालं. पुढे कळलं की तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू, काही सेकंदच टिकणारा. १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. जिभेखालची गोळी शरीरात जाऊन हाच वायू देते, म्हणून छातीतली कळ उतरते.

निरोगी अस्तर दिवसभर हा निरोप देत असतं: धमनी सैल ठेवा, प्लेटलेटांनो चिकटू नका, पांढऱ्या पेशींनो पुढे चला, इथे काम नाही. खवट कण येतो तेव्हा हाच निरोप तुटतो. अस्तरावर त्याच्यासाठी एक रिसेप्टर आहे, लॉक्स-१, जपानी संशोधकांनी १९९७ साली शोधलेला. खवट कण त्याला चिकटला की पेशीत सुपरऑक्साइड नावाचा तापट रेणू तयार होतो आणि तो नायट्रिक ऑक्साइडला तिथल्या तिथे खाऊन टाकतो. त्याहून वाईट म्हणजे नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमच भरकटतं आणि स्वतः सुपरऑक्साइड बनवायला लागतं. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ते हे.

मग पेशीच्या केंद्रकात एनएफ-कप्पा-बी नावाचा स्विच पडतो. अस्तर आपल्या अंगावर चिकट आकडे उगवतं, त्यांतल्या एकाचं नाव व्हीकॅम-१. आणि रसायन सोडून हाक घालतं. रक्तातून वाहत चाललेली मोनोसाइट नावाची पांढरी पेशी आकड्यांत अडखळते, घरंगळत थांबते, दोन पेशींच्या फटीतून आत शिरते आणि आत जाऊन भक्षक पेशी होते. खवट कण गिळते, फुगते, आणखी कुमक बोलावते. तिच्या पोटात कोलेस्टेरॉल इतकं होतं की त्याचे टोकदार स्फटिक बनतात. हे स्फटिक पेशीच्या आतली एक धोक्याची घंटा दाबतात (२०१० साली हे सिद्ध झालं) आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हा जळजळ पेटवणारा संदेश बाहेर पडतो. शेवटी पेशी मरते, तिचा चिखल तिथेच राहतो. अथेरोमा या वैद्यकीय शब्दाचं मूळ ग्रीक भाषेत ‘लापशी’ आहे. विद्यार्थी असताना शवविच्छेदनात उघडलेली महाधमनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हे नाव ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले होते. त्या दिवशी मेसमध्ये मात्र लापशी खाववली नाही.

लापशीवर एक तंतुमय झाकण असतं. जळजळ चालू राहिली तर तेच झाकण पातळ होतं, एक दिवस फाटतं, रक्त आतल्या लापशीला भिडतं आणि क्षणात गुठळी धरतं. यालाच आपण झटका म्हणतो. तुमच्या मिस्टरांचा स्टेंट एका जागी आहे, अस्तर मात्र सगळ्या शरीरभर आहे.

इथवर पुतण्या बरोबर आहे. मध्यंतर इथेच होतं.

आता उत्तरार्ध. कण खवट होतो कुठे? रक्तात फारसा नाही. रक्तात व्हिटॅमिन सी, युरिक ॲसिड, आणि खुद्द एलडीएलच्या कणात बसलेलं व्हिटॅमिन ई असा पुरेसा बंदोबस्त असतो. कण बिघडतो तो धमनीच्या भिंतीत शिरल्यावर. जिथे धमनी वळते, फाटा फुटतो, तिथे प्रवाह रेंगाळतो आणि कण अस्तरापलीकडे जातात. तिथे साखरेच्या लांब साखळ्या असलेली प्रथिनं असतात, त्यांना अपोबी विद्युतभाराने चिकटतं आणि कण अडकतो. अडकला की मग पेशींची एन्झाइमं त्याला निवांत खवट करतात. किती कण अडकणार, हे सगळ्यांत जास्त यावर ठरतं की रक्तात किती कण फिरतायत. म्हणजे साधा एलडीएल आणि खवट एलडीएल ही दोन वेगळी माणसं नाहीत. एकाच माणसाची सकाळ आणि संध्याकाळ आहे. पुतण्याला विचारा, कच्चा माल १३९ ठेवून पक्का माल कमी कसा करणार?

तो म्हणेल, अँटिऑक्सिडंटने. विचार अगदी रास्त आहे. १९९०च्या दशकात जगभरच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी हाच विचार केला, आणि त्यांनी जे आपण घरी करत नाही ते केलं: हजारो माणसांवर प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. मूळचे केरळचे आणि कॅनडात काम करणारे सलीम युसुफ यांच्या ‘होप’ चाचणीत साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना व्हिटॅमिन ईची रोज ४०० युनिटं दिली, सरासरी साडेचार वर्षं. तुमच्या घरातलाच डोस. २००० साली निकाल आला: काही फरक नाही.

ब्रिटनची चाचणी तर याहून बोलकी. २०,५३६ माणसं, पाच वर्षं. त्यांच्यावर एकाच वेळी दोन प्रश्न तपासले. निम्म्यांना ई, सी आणि बीटा-कॅरोटीन, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. आणि त्याच माणसांची दुसरी वाटणी करून निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली गोळी, निम्म्यांना बिनऔषधी. २००२ साली दोन्ही उत्तरं एकदम आली. व्हिटॅमिनवाल्यांच्या रक्तात व्हिटॅमिन ई दुप्पट झालं होतं, म्हणजे गोळ्या नीट घेतल्या होत्या, पण झटके, पक्षाघात, मृत्यू, कशातही फरक नव्हता. स्टॅटिनवाल्यांत झटके, पक्षाघात आणि अँजिओप्लास्टी-बायपासची वेळ सुमारे पावपटीने कमी झाली. तीच माणसं, तीच वर्षं. घरच्या भांडणाचा निकाल लावायला याहून चांगला पंच मला माहीत नाही.

बशीत चाललं ते माणसात का चाललं नाही? भिंतीतलं ऑक्सिडीकरण एकाच वाटेने होत नाही, आणि त्यांतल्या काही वाटा व्हिटॅमिन ईला अडवताच येत नाहीत. शिवाय कण फक्त खवट होऊनच बिघडतो असंही नाही. तो दुसऱ्या कणांना चिकटून गुठळतो. रक्तात साखर जास्त असेल तर साखर त्याला चिकटते, एचबीए१सीच्या तपासणीत साखर हिमोग्लोबिनला चिकटलेली मोजतात तशीच. त्यावर अँटिऑक्सिडंट काय करणार?

आणि कॅप्सूल निरुपद्रवी, असंही समजू नका. अमेरिका-कॅनडातल्या ३५ हजारांवर निरोगी पुरुषांच्या ‘सिलेक्ट’ चाचणीत याच ४०० युनिटांच्या गटात प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला. निकाल २०११चा. मिस्टर ५८ वर्षांचे पुरुष आहेत. कॅप्सूल बंद करा. आवळा, पेरू, पालेभाज्या खाऊ द्या, त्या औषध म्हणून नव्हे, जेवण म्हणून.

उलट बाजूचा पुरावा पुन्हा डॅलसहूनच आला. काही माणसांत पीसीएसके९ नावाचं जनुक जन्मतः निकामी असतं, त्यामुळे त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. २००६ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या पाहणीत दिसलं की असं जनुक असणाऱ्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं, आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी. त्यांनी ना कॅप्सूल घेतली ना तपासणी केली. भिंतीत कणच कमी शिरले, मग खवट होणार कोण?

लढाई थेट थांबवायचाही प्रयत्न झाला आहे, पुतण्या तेही विचारेल म्हणून सांगतो. ‘कँटोस’ चाचणीत झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं इंजेक्शन वापरून पाहिलं. एलडीएल तसूभर न बदलता पुढचे झटके मधल्या डोसला १५ टक्क्यांनी कमी झाले. जळजळीचा सिद्धांत खरा आहे याचा माणसातला तो पहिला ठाम पुरावा, २०१७ चा. पण प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले आणि इंजेक्शन भयंकर महाग, त्यामुळे ते या कामासाठी वापरात आलं नाही. संधिवाताच्या एका प्रकारावरचं जुनं स्वस्त औषध, कोल्चिसिन, रोज अर्धा मिलिग्रॅम, २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत उपयोगी दिसलं, तर २०२४ च्या मोठ्या चाचणीत नाही. कुणाला द्यायचं हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. मूत्रपिंड बघावं लागतं, काही अँटिबायोटिकांशी त्याचं जुळत नाही. दुकानातून आणून सुरू करायची ही चीज नव्हे, आणि स्टॅटिनच्या जागी तर नव्हेच.

लाल अक्षरातल्या तपासणीबद्दल. ती रक्तातले बिघडलेले कण मोजते, भिंतीतले नाही. तो आकडा बराचसा एलडीएलच्या आकड्यामागून चालतो. आणि तो अमुक इतका करा असं उद्दिष्ट उपचारात वापरलं जात नाही. पॅकेजमध्ये लाल अक्षरं जितकी जास्त तितकं पॅकेज भारदस्त वाटतं, हा माझा जुना संशय आहे. पैसे गेले ते गेले, पुन्हा करू नका. त्याऐवजी आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए करा. तोही एलडीएलसारखाच एक कण, पण खवट स्निग्ध तुकडे रक्तात वाहून नेणारा, आणि तो किती असणार हे मुख्यतः आनुवंशिकतेने ठरतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या सूचनांतही तो एकदा बघा असं सांगितलंय. आणि ताई, पुतण्या म्हणजे मिस्टरांच्या सख्ख्या भावाचा मुलगा असेल, तर त्याने स्वतःचाही बघावा. ५२ देशांच्या पाहणीत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांहून पाच-सहा वर्षं आधी. काकांची काळजी करणाऱ्या मुलाची काळजी कुणीतरी करायला हवी.

त्याच सूचनांनुसार स्टेंटवाल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं. म्हणजे ७४ सुद्धा अजून पोचलेलं नव्हतं. डॉक्टर बहुधा एझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडतील. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करते आणि पायांना त्रास सहसा देत नाही.

पायांचं दुखणं मी खोटं म्हणणार नाही. पण लंडनला २०२० साली झालेली एक छोटी चाचणी मिस्टरांना सांगा. स्टॅटिनच्या त्रासाने गोळी सोडलेली ६० माणसं. त्यांना वर्षभरासाठी बाटल्या दिल्या: चार महिने स्टॅटिन, चार महिने तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, चार महिने रिकामी बाटली, क्रम उलटसुलट. त्रास रोज फोनवर नोंदवायचा. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत माणसं बरी होती. स्टॅटिनच्या महिन्यांत त्रास झाला, आणि बिनऔषधी गोळीच्या महिन्यांतही जवळपास तितकाच, नव्वद टक्के. दुखणं खरं, गोळी गिळण्याच्या भीतीतून आलेलं. आपापला आलेख पाहून निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. तरीही डॉक्टरांकडून सीके (स्नायूंना इजा झाली आहे का हे दाखवणारी तपासणी), थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या, आणि दुखणं चालल्यावर पोटरीत येऊन थांबल्यावर जातं का, हे नीट बघून सांगा. तसं असेल तर दोष गोळीचा नसून पायाच्या धमनीचा असू शकतो, आणि मग गोळी दुप्पट गरजेची.

तंबाखूवर मी भाषण देत नाही, एक आकडा देतो. मघाच्याच ५२ देशांच्या पाहणीत नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून थोडा अधिक होता. सिगरेट सोडून चुन्याची डबी जवळ केली तर अस्तराला विश्रांती मिळाली असं होत नाही. सिगरेट ज्या जिद्दीने सोडली ती याच माणसाची होती, तेव्हा आशा आहे. निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगम मिळतात, पण हृदयरुग्णाने डॉक्टरांना विचारून घ्यावेत.

आणि चटणी. द्या. शेंगदाण्यातली चरबी हृदयाला वैरी नाही. भाकरीबरोबर चमचा-दीड चमचा, मीठ बेताचं, वरून तेलाची धार नको. थोडी थोडी कुटा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. दाणे जुने होऊन वास मारत असतील तर कुटायच्या आधीच टाकून द्या, आणि वड्यांच्या तळणीतलं उरलेलं तेल चटणीच्या फोडणीला वापरायची सवय असेल तर तीही मोडा.

फोनवर डॉक्टर काय म्हणाले ते कळवा.